काट्यावरचा संगणक आत घेईना तेव्हा



गाळप हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात केनयार्डात एक वाक्य हमखास कानावर येते. "काटा बंद हाय. कॉम्प्युटर आत घेईना." मग गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर जाते, बैल जू मानेवर घेऊन ताटकळतात, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून थकतात आणि आत खुर्चीवर बसलेला काटा कारकून पुन्हा पुन्हा तोच पासवर्ड मारीत राहतो. वास्तविक काटा बंद नसतो. वजनाचा आकडा समोरच्या डब्यावर लाल अक्षरांत स्वच्छ दिसत असतो. संगणकही चालू असतो, पडदा उजळलेला असतो. अडलेले असते ते एवढेच की, कारखान्याच्या डोमेनमध्ये तो संगणक कारकुनाला दाखल करून घेत नाही. नाव घालतो, पासवर्ड घालतो, आणि उत्तर 'नाही'.

या अडचणीवरून सभासदांत दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हे डोमेन-बिमेन थेर कशाला? सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड द्या आणि गाड्या काढा. दुसरे म्हणते, मशीन जुने झाले, नवीन आणा. आमचे मत या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. यातली बहुतेक अडचण चिल्लर असते, ओळीने पाहत गेले तर सापडते, आणि तिच्या नावाखाली काट्यावरची माणसागणिक ओळख मोडून टाकणे हे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे आहे. ऊस आपला आहे, टन आपले आहेत, पावती आपल्या नावाची आहे. तेव्हा हा विषय ई.डी.पी. विभागाचा म्हणून सोडून न देता आपणही थोडा समजून घ्यावा.

डोमेन म्हणजे काय? आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे उदाहरण घेऊ. मंडपाच्या दारात कारकून सभासद नोंदवही उघडून बसतो. आपण नाव सांगतो, तो नोंदवहीत बघतो, सही घेतो आणि आत सोडतो. मंडपाला दारे पाच असोत की दहा, नोंदवही एकच. तसेच इथे. काट्यावरचे, केन अकाउंटचे, स्टोअरचे, गट ऑफिसचे संगणक ही दारे. ई.डी.पी. विभागाच्या खोलीत जो मुख्य संगणक असतो त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात; नोंदवही त्याच्यापाशी. कोणाचे नाव खरे, पासवर्ड बरोबर की चूक, कोणाला कोणत्या कामाची मुभा, हे तो ठरवतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' या नावाने ही व्यवस्था आणली आणि ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून ती आजही चालू आहे. तीन संगणकांच्या सोसायटीला तिची गरज नाही, हे आम्हीही मानतो. पण जिथे तीन पाळ्यांत माणसे बदलतात, चार-पाच खाती एकाच नोंदीवर काम करतात आणि त्या नोंदीवरून हजारो सभासदांचे ऊस बिल निघते, तिथे नोंदवही एका जागी असलीच पाहिजे.

आता बिघाड. आमच्या समजुतीप्रमाणे पहिला प्रश्न संगणकाला विचारायचा नसतो, माणसांना विचारायचा असतो: कोणाला जमत नाही, आणि कुठे कुठे जमत नाही? एकच कारकून सगळ्या संगणकांवर अडत असेल तर दोष त्याच्या खात्यात आहे. एकाच संगणकावर सगळे अडत असतील तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या वायरीत आहे. आणि सगळे सगळीकडे अडत असतील तर काट्यावर वेळ घालवू नये, सरळ मुख्य संगणकाची खोली गाठावी. हे विचारायला दोन मिनिटे लागतात. पण आपल्याकडे होते असे की, कोणीतरी आधी वायर उपटतो, दुसरा बटण दाबून संगणक बंद-चालू करतो, तिसरा फोनवर "फॉरमॅट मारा" सांगतो, आणि मूळ लक्षण काय होते ते कोणालाच आठवत नाही. पडद्यावर जो संदेश येतो तो जशाच्या तसा वहीत उतरवावा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढावा. 'पासवर्ड चुकीचा', 'लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही' आणि 'विश्वासाचे नाते तुटले' ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. तिन्हींना एकच गोळी चालत नाही.

यात एक फसवी गोष्ट आहे. दिवसपाळीचा कारकून बिनबोभाट आत जातो आणि रात्रपाळीच्या कारकुनाला तोच संगणक घेत नाही, असे कधी कधी घडते. लगेच बोलणी सुरू होतात: याला येत नाही, हा पासवर्ड विसरला, याचे लक्ष नसते. खरे कारण निराळे असू शकते. विंडोज पूर्वी आत येऊन गेलेल्या माणसांची खूण स्वतःपाशी ठेवते. मूळ मांडणीत शेवटच्या दहा जणांची. मुख्य संगणकाशी संबंध तुटला तरी या ओळखीच्या माणसांना ती आठवणीवर आत सोडते. नवा माणूस आला की नोंदवही पाहावी लागते, आणि नोंदवही तर दिसत नाही. म्हणजे तुटलेली असते वायर, आणि बोल लागतो रात्रपाळीला. बदली कारकून, नवीन भरतीचा मुलगा, हे यात नाहक सापडतात. तेव्हा 'याला घेतो, त्याला घेत नाही' असे दिसले की माणसावर जाण्याआधी नेटवर्क बघावे, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

वायरीचे फार लांबवत नाही. काटा मुख्य इमारतीपासून लांब, मधे ट्रॉल्यांची वर्दळ, उंदीर आणि घुशींची कृपा. पावसाळ्यात वीज कडाडली की वायर जोडण्याचे डबे जातात. पत्ता बघितला आणि तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला कोणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतला आहे, असे समजावे. वायर, डबा किंवा पत्ते वाटणारी व्यवस्था, यांपैकी काहीतरी गेले आहे.

पण वायर शाबूत असते, इंटरनेट चालते, मोबाईलवर दिसावे तसे संगणकावर सगळे दिसते, आणि तरीही डोमेन सापडत नाही, अशी तऱ्हा असते तेव्हा माणूस गोंधळतो. "नेट चालू हाय की राव, मग हे का न्हाई?" याचे उत्तर डी.एन.एस. या व्यवस्थेत आहे. नाव सांगितले की पत्ता काढून देणे हे तिचे काम. काट्यावरच्या संगणकाने डोमेनचा पत्ता आपल्या कारखान्याच्या मुख्य संगणकालाच विचारायचा असतो. कोणीतरी नेट जोरात चालावे म्हणून तिथे बाहेरच्या जगाचा पत्ता घालून ठेवतो, चार वेळा आठाचा आकडा असलेला तो प्रसिद्ध पत्ता. मग होते असे की, दादर स्टेशनवर उभे राहून आपल्या मळ्यातल्या वस्तीवरच्या नानांचे घर विचारावे. विचारणाऱ्याचे चुकत नाही, सांगणारा लबाड नाही. पण त्याला आपली वस्ती माहीत असायचे कारणच नाही. तो जगभरचे पत्ते सांगेल, हा एक सांगणार नाही. उपाय साधा आहे. डी.एन.एस. च्या रकान्यात फक्त आपल्या डोमेन कंट्रोलरचे पत्ते ठेवायचे. बाहेरचे पत्ते लागतील तेव्हा तोच पुढे विचारून देतो. 'एक आपला आणि एक बाहेरचा' असा मधला मार्गही उपयोगाचा नाही. मग दुखणे आज आहे, उद्या नाही असे खेळत राहते आणि ते शोधणे जास्त अवघड जाते.

आता घड्याळ. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे दुखणे आपल्या धंद्याच्या चालीशी जुळलेले आहे. डोमेनमध्ये माणसाची ओळख पटवण्याची जी रीत आहे तिचे नाव केर्बेरॉस. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत १९८० च्या दशकात ती तयार झाली. ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे नाव तिला दिले. या रीतीत मुख्य संगणक ओळख पटली की एक तिकीट देतो आणि त्या तिकिटावर वेळ असते. वेळ कशासाठी? समजा, गेल्या हंगामातली तोडीची चिठ्ठी कोणी जपून ठेवली आणि यंदा पुन्हा पुढे केली, तर आपला चिटबॉय ती घेईल काय? तारीख बघूनच परत करील. तसेच इथे. कोणी जुने तिकीट चोरून पुन्हा वापरू नये म्हणून दोन्हीकडच्या घड्याळांत फार फरक चालत नाही. मूळ मांडणीत ही सूट पाच मिनिटांची आहे. त्यापलीकडे फरक गेला की, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, वायर बरोबर, तरीही दार उघडेलच याची खात्री नाही.

आपल्याकडे काटा सहा-सहा महिने बंद असतो. संगणकाचा वीजपुरवठा काढलेला असतो. अशा वेळी आतले घड्याळ रुपयाच्या नाण्यापेक्षा काकणभर छोट्या-मोठ्या एका गोल सेलवर चालते. वीज चालू असेपर्यंत त्या सेलवर भार नसतो; बंद हंगामात सगळा भार त्याच्यावरच. जुना सेल पावसाळ्यात केव्हा तरी संपतो, आणि दिवाळीनंतर संगणक चालू केला की तो स्वतःला कुठल्या तरी जुन्या साली समजतो. कोपऱ्यातली तारीख कोणी बघत नाही. सेलची किंमत दोन माणसांच्या चहा-भज्यांएवढी आणि त्यापायी रांगेत उभ्या गाड्या शंभर. सेल बदलावा, तारीख-वेळ हाताने लावावी आणि मग मुख्य संगणकाच्या वेळेशी जुळवून घ्यावी. मुख्य संगणकाची स्वतःची वेळ मात्र भरवशाच्या ठिकाणाहून आलेली असावी, नाहीतर सगळे मिळून चुकायचे.

आणि घड्याळाशी आपला आणखी एक संबंध आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. हे दिवस मोजायचे ते पावतीवरच्या तारखेपासून. काट्याचा प्रोग्राम जर त्याच संगणकाची वेळ घेत असेल, तर चुकलेले घड्याळ म्हणजे चुकलेली पावती. म्हणून घड्याळ चुकल्यामुळे लॉगऑन अडला तर त्याचा राग मानू नये असे आम्ही म्हणतो. निदान दारातच कळले. आत जाऊन भलत्या तारखेच्या पावत्या निघाल्या असत्या तर त्या निस्तरायला पुढचा पंधरवडा गेला असता.

बंद हंगामाचा दुसरा प्रताप म्हणजे पासवर्डची मुदत. डोमेनच्या मूळ नियमात पासवर्डचे आयुष्य ४२ दिवसांचे असते. व्यवस्थापन ते कमी-जास्त करू शकते. मे महिन्यात घरी गेलेला हंगामी कारकून नोव्हेंबरात परत येतो आणि जुना पासवर्ड मारतो. मुदत संपलेली असते. काही वेळा तर तो पासवर्डही पूर्ण आठवत नाही. मग आठवेल ते मारून बघणे सुरू होते, आणि ठराविक वेळा चुकल्यावर खाते काही काळ कुलूपबंद करण्याचा नियम लावलेला असेल तर तेही बंद होते. वर आम्ही पुन्हा पुन्हा तोच पासवर्ड मारणारा कारकून म्हटला तो असा अडचणीत भर घालीत असतो. दोनदा चुकले की थांबावे आणि ई.डी.पी. ला फोन करावा. फोन करण्याआधी एवढेच बघावे की मोठ्या अक्षरांचे बटण चालू राहिलेले नाही ना, कळफलक मराठीवर गेलेला नाही ना, आणि नावाच्या खाली आपल्या डोमेनचेच नाव दिसते आहे ना. आधी कोणी तरी दुरुस्तीसाठी त्या संगणकाच्या स्थानिक खात्यातून आत गेला असेल तर तिथे संगणकाचे स्वतःचे नाव बसलेले असते आणि कारकुनाचा खरा पासवर्डसुद्धा खोटा ठरतो. असल्या गोष्टींवर अर्धी अर्धी रात्र जाते. हसू नये.

शेवटचे दुखणे जरा खोल आहे. पडद्यावर इंग्रजीत येते, 'द ट्रस्ट रिलेशनशिप बिटवीन धिस वर्कस्टेशन अँड द प्रायमरी डोमेन फेल्ड'. म्हणजे या संगणकाचे आणि डोमेनचे विश्वासाचे नाते तुटले. नाते तुटले म्हणजे काय? डोमेनच्या नोंदवहीत माणसांप्रमाणे संगणकांचीही नावे असतात आणि प्रत्येक संगणकाचा एक गुप्त पासवर्ड असतो. तो कोणाला ठाऊक नसतो. संगणक आपण होऊन साधारण ३० दिवसांनी तो बदलतो आणि मुख्य संगणकाला कळवतो. दोन्हीकडची खूण जुळली तर दार हे आपलेच दार आहे असे ठरते. नाही जुळली तर त्या दारातून आलेल्या कोणत्याही माणसाची ओळख डोमेन घेत नाही, मग तो मुख्य शेतकी अधिकारी का असेना.

पुष्कळ जण सांगतात की संगणक सहा महिने बंद राहिला म्हणून नाते तुटले. हे बरोबर नाही. खूण बदलण्याची सुरुवात संगणकाकडून होते. तो झोपलेला असेल तर बदल होतच नाही आणि जुनी खूण दोन्हीकडे तशीच राहते. तुटते ते माणसांच्या हाताने. कोणीतरी संगणक जुन्या बॅकअपवरून मागच्या स्थितीला नेतो, तेव्हा त्याच्यापाशी जुनी खूण येते आणि नोंदवहीत नवी असते. किंवा पावसाळ्यात ई.डी.पी. विभागात साफसफाई निघते, बरेच दिवस न दिसलेले संगणक म्हणून काट्यावरच्या यंत्रांची नावे नोंदवहीतून उडवली जातात. किंवा नव्या संगणकाला जुन्याचेच नाव दिले जाते आणि मग जुना पुन्हा जोडला की तो परका ठरतो. बंद हंगाम हे निमित्त, कारण हे.

यावर संगणक फॉरमॅट करण्याची गरज नसते, हे ठळक सांगायला हवे. त्या संगणकाच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत जाऊन, डोमेनचा अधिकार असलेल्या माणसाने एका आज्ञेने खूण पुन्हा जुळवता येते. ते जमले नाही तर संगणक डोमेनमधून बाहेर काढून पुन्हा दाखल करायचा. जाणकाराला दहा-पंधरा मिनिटांचे काम. फॉरमॅट मारला की काट्याचा प्रोग्राम, छपाईची जुळणी, काट्याच्या डब्यातून येणारा आकडा उचलण्याची मांडणी, सगळे नव्याने बसवायचे. त्यात दिवस जातो. मात्र एक खबरदारी. डोमेनमधून बाहेर काढण्यापूर्वी स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हातात आहे याची खात्री करून घ्यावी. तो नसताना बाहेर काढला तर विहिरीत उतरून शिडी वर ओढून घेतल्यासारखे होते. हा पासवर्ड लाखेच्या पाकिटात कारखान्याच्या तिजोरीत हवा. तो प्रत्येक संगणकाचा वेगळा ठेवून डोमेनमध्येच सुरक्षित नोंदवण्याची सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आली आहे, तीही वापरावी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढी सगळी यातायात करण्यापेक्षा काट्यावर सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला तर काय बिघडले? काम तर लवकर होईल. होईल, आम्ही नाकारत नाही. पडद्याच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी ही गाड्या काढण्याची सर्वांत जलद रीत आहे. पण भरल्या गाडीचे वजन कोणी घेतले, रिकाम्या गाडीचे कोणी घेतले, आणि रात्री दोन वाजता एखाद्या पावतीत दुरुस्ती झाली असेल तर ती कोणी केली, हे विचारायची वेळ आली तर उत्तर काय मिळणार? नोंदीत नाव एकच, 'काटा'. काटा काही साक्ष देत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा होण्याआधी टनाला ३,५५० रुपये. अर्ध्या टनाची चूक झाली तरी अल्पभूधारकाला ती सोसवणारी नाही. वजनाबद्दल शंका काढणारा सभासद प्रत्येक वेळी बरोबर असतो असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला दाखवायला कागद असला पाहिजे, आणि त्या कागदावर माणसाचे नाव असले पाहिजे. प्रामाणिक कारकुनाचे रक्षणही त्यातच आहे. सामाईक नावाखाली एकाने केले तर संशय सगळ्यांवर जातो, आणि रात्रपाळीवर जरा जास्तच.

काही जण म्हणतील, तत्त्व ठीक आहे, पण रांग उभी आहे त्याचे काय? तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा घटतो, टोळी खोळंबते, इकडे गव्हाण रिकामी पडते. हे सगळे खरे आहे आणि म्हणूनच आम्ही म्हणतो की संगणक अडला तरी वजन अडता कामा नये. वजनाचा आकडा डब्यावर दिसतच असतो. त्याला डोमेनची परवानगी लागत नाही. काट्यावर तीन प्रतींचे, छापील अनुक्रमांकाचे पावतीपुस्तक कायम ठेवावे. संगणक आत घेईना की पंधरा मिनिटे वाट बघावी आणि पुस्तक उघडावे. आकडा, वेळ, गाडी नंबर, सभासदाचा कोड, कारकुनाची सही, गाडीवानाची सही किंवा अंगठा. एक प्रत गाडीवानाला तिथल्या तिथे. संगणक चालू झाल्यावर त्याच अनुक्रमांकाने नोंद घ्यायची, आणि ती घेणारा कारकून स्वतःच्या नावाने आत गेलेला असला पाहिजे. पूर्वी सगळा कारभार असाच चालत होता की! जुनी माणसे अजून आहेत, त्यांना विचारावे.

खर्चाचे दोन शब्द. डोमेन कंट्रोलर एकच असेल तर तो बसला की सगळा कारखाना बसला. विंडोज २००० पासून अशी सोय आहे की दोन कंट्रोलर ठेवले तर दोन्हींत नोंदवही तीच राहते आणि एक गेला तर दुसरा काम करतो. दुसरा वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वीज जोडणीवर असावा. एकाच टेबलावर दोन्ही ठेवून उपयोग नाही, छत गळले की दोन्ही जातील. आणि खरेदी करताना केवळ कमी दराचे कोटेशन बघू नये. विंडोजच्या होम आवृत्तीचा संगणक डोमेनमध्ये दाखल होतच नाही. स्वस्त म्हणून तसे दहा घेतले तर दहाही काट्याच्या कामाला बाद. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन मोळीच्या तोंडावर संपला. त्यामुळे जुन्या यंत्रांच्या जागी नवीन घेण्याचे प्रस्ताव येतच राहणार. प्रस्ताव संचालक मंडळापुढे येईल तेव्हा त्यात आवृत्तीचे नाव लिहिलेले असावे.

राहिला माणसांचा प्रश्न. बाहेरच्या ठेकेदाराचा माणूस हाकेच्या अंतरावर असतोच असे नाही आणि हंगामात रात्र-दिवस एकच. आपल्याच कामगारांच्या मुलांतून प्रत्येक पाळीला एक जण असा तयार करावा, ज्याला वर लिहिलेली तपासणी ओळीने करता येईल: माणसे विचारणे, वायर, पत्ता, डी.एन.एस., घड्याळ, खाते, आणि सर्वांत शेवटी नाते. काट्यावर एक वही ठेवावी. कधी अडले, संदेश काय आला, कशाने सुटले, कोणी सोडवले. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की आपल्या कारखान्याचे दुखणे नेमके कुठे आहे ते वहीच दाखवील.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी आठ दिवस काट्यावरचे सगळे संगणक चालू करावेत आणि प्रत्येक पाळीच्या प्रत्येक कारकुनाने, हंगामी असो वा कायम, प्रत्येक संगणकावर एकदा स्वतःच्या नावाने आत जाऊन बघावे, अशी आमची व्यवस्थापनाला सूचना आहे. मुदत संपलेले पासवर्ड, मेलेले सेल आणि उडालेली नावे त्या आठवड्यातच बाहेर येतील, आणि पुढे वायर तुटली तरी यंत्राला माणसे आठवतील. सभासदांनी आपल्याकडून एवढे करावे: पहिल्या खेपेची वजनपावती हातात आली की टनांच्या आकड्याबरोबर तिच्यावर कारकुनाचे नाव आणि वेळ छापलेली आहे का ते पाहावे. नसेल तर पावतीच्या झेरॉक्ससह गट ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.